बोलायचं तुम्हीच

"चिखलदऱ्याला बोलायचं तुम्हीच," श्याम सरांनी लिहिलं होतं.

अमरीनने ते दोनदा वाचलं आणि लॅपटॉप मिटून टाकला. गच्चीवरच्या खोलीत ऊन शिरलं होतं. खाली तिचे अब्बा, ताहेरमिया, उगाच पाने-पकडी पुसत बसले होते. बोंडअळीने कापूस खाल्ला तेव्हापासून ते कामाला होते तो अकोटमधला जिनिंगचा कारखाना बंद होता. जिनिंगच्या फिटरला दुसरीकडे कोण विचारतो? घर आता अमरीनच्या नोकरीवर चाललं होतं.

नोकरीही अशी, की ऑफिस कुठेच नाही. कोणी वरुडात, कोणी अकोल्यात, कोणी पुण्यात. सकाळी गटावर आजचं काम लिहायचं आणि आपापल्या घरी कामाला लागायचं. शेतकऱ्याने रोगट पानाचा फोटो पाठवला की त्याला इलाज सांगणारं ॲप ही मंडळी श्याम सरांच्या हाताखाली बनवत होती. येत्या शनिवारी ती सगळी पहिल्यांदाच चिखलदऱ्याला एकत्र भेटणार होती, आणि ॲपमधलं नवं काम तिथे सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

अमरीनला ते मानवलं, कारण तिथे लिहून भागायचं. बोलायची वेळ आली की तिची जीभ पहिल्याच अक्षराला अडायची. शाळेत पोरी हसायच्या, दुकानदार तिचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचे. लिहिताना मात्र तिला कोणी गाठू शकत नसे. गटावर तिच्या कोपरखळ्यांची सगळे वाट बघायचे.

आवाजाने ती एकदाच बोलली होती, मुलाखतीत. प्रश्न पुण्याच्या एक बाई विचारत होत्या. श्याम सर कॅमेरा बंद ठेवून नुसते ऐकत होते. स्वतःचं नाव सांगतानाच तिला घाम फुटला. संध्याकाळी सरांचा निरोप आला, 'तुम्हाला घेतलं आहे. सावकाश शिका, घाई नाही.'

त्यानंतर त्यांनी तिला कधीच फोन केला नाही. चूक झाली तरी लिहूनच समजावायचे, ओळीमागून ओळ, न कंटाळता. मला बोलावं लागू नये म्हणून हा माणूस एवढं जपतो, असं तिला वाटायचं. कधी त्याने मन भरून यायचं. कधी ती दया टोचायची.

आणि आज त्याच माणसाने हे लिहावं?

तिने पुन्हा लॅपटॉप उघडला. 'सर, मी बोलताना अडखळते. तुम्ही ऐकलं आहे.'

'ऐकलं आहे. म्हणूनच.'

तिचे डोळे भरले. ती खाली आली तशी अब्बांनी विचारलं, "काय झालं, बेटा?"

"म... म... मले चारचौघात उभं करून राहिले ते."

ताहेरमियांनी हातातला पाना खाली ठेवला. "मंग उभी राय. जिनिंगची मशीन चालू कराची तं पयले अडकतेच. तिले कोनी हासते का? तिच्यापाशी थांबा लागते."

"म... मशीन नाई मी."

"नाई तं काय! तू माही पोरगी हायेस. म्हनून तं सांगून राहिलो."

शनिवारी परतवाड्याहून दुसरी एसटी धरून ती चिखलदऱ्याला पोचली. विश्रामगृहाच्या हॉलबाहेर ढग उतरले होते. इतके दिवस नुसती नावं असलेली माणसं समोर चहा पीत उभी होती. वरुडच्या प्रणालीने तिला मिठीच मारली. "अवं, तू तं गटावर केवढी उंच वाटते!"

"स... सर?"

"ते काय, खिडकीपाशी. चष्मेवाले."

सरांनी लांबूनच हात जोडले, किंचित हसले आणि नजर वळवून मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. जवळ येऊन दोन शब्दही बोलावेसे वाटले नाहीत यांना?

तिचं नाव पुकारलं गेलं.

"मा... माझं नाव अ... अ..."

ती थांबली. कोणी हसलं नाही, कोणी तिचं नाव पुरं केलं नाही. खिडकीबाहेर ढग सरकत होते. तिने पुन्हा सुरुवात केली, आणि या खेपेला नाव बाहेर आलं. मग ज्यांना वाचता येत नाही अशा शेतकऱ्यांना ॲप इलाज बोलून कसा सांगेल, ते तिने दाखवलं. अडली, थांबली, पुढे गेली. फार वेळ लागला, पण बोलणं तिने स्वतःच संपवलं.

टाळ्या वाजत होत्या. मागच्या खुर्चीवरून श्याम सर उठले, सावकाश पुढे आले आणि त्यांनी तिच्या हातून माईक घेतला. टाळ्या थांबल्या. सरांनी तोंड उघडलं. त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या, डोळे घट्ट मिटले, ओठ थरथरत राहिले.

"अ..." श्याम सर म्हणाले, "अ... अ... अमरीन."