गवत उगवलेला ज्वालामुखी

अखेर संशोधिका नोकरीत कायम झाली. पण तसं काही झालंच नाही असं धरून पुढे वाचा. ती स्वतःही तसंच धरून चालली आहे.

संस्थेच्या गच्चीवर तिनं राख आणि बारीक खडी रचून कमरेएवढे दोन ज्वालामुखी उभे केले होते. एकावर झारीनं रोज रिमझिम. दुसरा कोरडा ठणठणीत, आणि मध्येच कधीतरी त्याच्यावर नळाचा धो धो मारा. रोजच्या पावसातला आधी ढासळणार, असं ती समितीला छातीठोकपणे सांगून बसली होती. खरं ठरलं तर नोकरी कायम, नाहीतर घरी.

आज समिती बघायला यायची होती, आणि ओला ज्वालामुखी मजेत होता. रोजच्या पाण्यानं त्याच्या अंगावर गवत माजलं होतं. जिथून आग ओकायची त्या तोंडात टोमॅटोचं रोप डुलत होतं. मुळांनी राख अशी गच्च धरली होती की चिमूटभरही हलत नव्हती. कोरड्यावर मात्र गवताची काडी नव्हती. दोन-चार माऱ्यांतच त्याला खोल घळी पडल्या होत्या.

डबा घेऊन आलेल्या आईनं दोन्ही ज्वालामुखींकडे आळीपाळीनं पाहिलं. लेकीच्या नोकरीपुढे तिला भूगर्भशास्त्र किरकोळ वाटत होतं.

"उपट की ते गवत. कोण बघतंय?"

संशोधिकेनं शास्त्र, सचोटी वगैरेवर एक छोटंसं भाषण दिलं. मग वाकून एकच जुडी उपटली. नुसतं मुळं बघायला, असं तिनं स्वतःला सांगितलं. मुळांबरोबर अर्धी उतरण हातात आली. उरलेली अर्धी, आता आपण तरी कशाला थांबायचं अशा थाटात, खाली बसली. तेवढ्यात जिन्यातून समिती वर आली.

अध्यक्षांनी ढिगारा पाहिला आणि मान डोलावली. ओला आधी ढासळला, अंदाज तंतोतंत, असं म्हणून त्यांनी डब्याच्या झाकणावर कागद टेकवून तिथल्या तिथे सही केली. आईनं पदरानं डोळे टिपले.

संशोधिकेनं हातातलं गवत पाठीमागे लपवलं. थोडा वेळ तसंच धरलं. मग पुढे आणलं.

"सर, पावसानं नाही, मी पाडला. गवतानं तर त्याला सावरलं होतं. माझा अंदाज चुकला."

आईनं कपाळावर हात मारून घेतला. अध्यक्ष मात्र कौतुकानं हसले. इतका विनय हल्ली बघायला मिळत नाही, म्हणाले. शिवाय सही झाल्यावर निष्कर्ष चुकण्याची समितीच्या नियमांत सोय नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं रीतसर अर्ज दिला: "सदर निष्कर्ष चुकीचा असल्याने प्रयोग खऱ्या ज्वालामुखीवर, खऱ्या पावसात नव्याने करणे आवश्यक आहे. त्यास अंदाजे पाच लाख वर्षे लागतील. तरी अर्जदाराचे निवृत्तीचे वय त्या प्रमाणात वाढवून मिळावे, ही नम्र विनंती."