चर्चच्या उतारावरचं पांढरं फूल

"कडक बघून घ्या. दाबल्यावर मऊ लागला तर आतून गेलेला समजा." दुकानदारानं ओल्या भुशाची पेटी पुढे सरकवली. "पांढऱ्या फ्रिटिलरीचे दहा कंद होते, नऊ राहिलेत."

मेव्हिस टकवेलनं लसणाच्या पाकळीएवढे ते कंद एकेक करून अंगठ्यानं दाबले आणि एक बाजूला काढला.

"एकच? अहो बाई, एकट्या फुलाला काय शोभा?"

"मला पुरेल," मेव्हिस म्हणाली.

त्या एका कंदासाठी ती दोन बस बदलून ऑक्सफर्डच्या बाजारात आली होती. आमच्या वेनफोर्डमध्ये पांढरा कंद कुणी विकत नाही. कुणी घेतलाच, तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं.

चर्चमागच्या ओलसर उतारावर दर एप्रिलला फ्रिटिलरी फुलते. जांभळ्या चौकड्यांची, मान खाली घातलेली. त्यात पांढरं उगवलं की त्या वर्षी गावातलं धडधाकट माणूस जातं. म्हातारेकोतारे आणि आजारी यांची गणती त्यात नाही, ते आपापल्या वेळेनं जातात. जितकी पांढरी, तितकी माणसं. हसायचं तर खुशाल हसा. पण पांढऱ्याच्या वर्षी कुणी अचानक गेलं, तर आमचे डॉक्टरसुद्धा टोपी काढतात, कागदावर सही करतात आणि फारसं विचारत नाहीत.

मेव्हिसला नेमकं तेच हवं होतं. तिचा नवरा होरेस एकसष्टाव्या वर्षीही ठणठणीत होता. बत्तीस वर्षं तो तिला पाव कसा कापावा, कपडे कसे वाळत घालावेत हे शिकवत आला होता. समुद्रकाठी राहणारी बहीण तिला कायमची बोलवत होती. "मी मेल्यावर जा," होरेस म्हणायचा. वीट आला होता तिला त्याचा. तो नुसता खाकरला तरी ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. मैद्याच्या डब्यामागे तिनं एक तपकिरी बाटली ठेवली होती. आता फक्त फूल यायला हवं होतं.

सुगीच्या जेवणाच्या दिवशी सगळं गाव टेबलांवर तुटून पडलेलं असताना ती कोंबड्या कोंडायच्या निमित्तानं उठली. उतारावरचं गवत सुरीनं उचललं, भिंतीजवळ कंद पुरला, गवत पुन्हा बसवलं. कुणी पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी बूट काढता काढता होरेसनं विचारलं, "काय गं, कंद किती खोल लावतात?"

तिनं हातातली बशी टेबलावर ठेवली. "कसले कंद?"

"कसलेही. तुला बागेतलं कळतं. मला गाजर काय नि गवत काय, सारखंच."

"चार बोटं. आज एकदम बागेचा पुळका?"

"उतारवयात माणसानं काहीतरी शिकावं," तो म्हणाला आणि पेपर उघडून बसला.

यानं पाहिलं की काय? पुढचे पंधरा दिवस मेव्हिस त्याच्यावर डोळा ठेवून होती. पण त्यानं कंदाचा विषय पुन्हा काढला नाही. उलट मवाळ झाला. सकाळचा चहा तोच करू लागला. तिच्या उशाशी आणून द्यायचा आणि कप रिकामा होईपर्यंत पलंगावर बसून राहायचा. "संपव बघू. गार होईल." चहा फार गोड असायचा.

शेजारच्या मिसेस प्लम्बनं ऐकलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "नशीब काढलंस गं बाई! आमचं ध्यान स्वतःचं पाणीसुद्धा ओतून घेत नाही."

मेव्हिसला चुटपुट लागली. फेब्रुवारीत एकदा तर तिच्या मनात आलं, जाऊन कंद उपटून टाकावा. पण त्याच दिवशी बहिणीचं पत्र आलं. होरेसनं ते तिच्याआधी फोडलं, वाचलं आणि चुलीत घातलं. मेव्हिसनं पुन्हा तो विचार केला नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी प्रार्थना संपली आणि सगळे उतारावर मोजायला आले. पाद्रीबाबा दरवर्षी याला अंधश्रद्धा म्हणतात आणि दरवर्षी सगळ्यांच्या पुढे असतात. चार वर्षं एकही पांढरं आलं नव्हतं.

"आलं!" मिसेस प्लम्ब ओरडली. "ते बघा, भिंतीजवळ! देवा रे, कुणाची पाळी आता?"

मेव्हिसनं मान खाली घातली आणि चेहरा जमेल तितका दुःखी केला.

"थांबा, आणखी एक आहे. तिकडे झाडाखाली!"

आयांनी मुलांना जवळ ओढलं. मेव्हिसनं वळून झाडाकडे पाहिलं. हे दुसरं खरं असणार, आपोआप आलेलं. कुणाच्या का नशिबी असेना, आपलं काम झालं.

तेवढ्यात तिच्या खांद्यामागे उभ्या असलेल्या होरेसनं कपाळाला आठ्या घातल्या, बोटानं दोन्ही फुलं पुन्हा मोजली आणि स्वतःशीच पुटपुटला, "दोन कशी? मी तर एकच लावलं होतं."