कमान नसलेलं दुकान

आगीचा बंब निघून गेला तेव्हा 'धनश्री साडी सेंटर'मध्ये दोघंच उभे होते. हनुमंतशेठ आणि ती कमान.

कमान चांगली दीड पुरुष उंच. काळ्या दगडाची, निजामशाहीतली. नगरच्या बाजारातल्या या जागेत ती कायमच होती, पण गेल्या वीस वर्षांत कुणाला दिसली नव्हती. शेठनी तशी सोयच केली होती. आधी प्लायवूड ठोकलं, त्यावर सनमायका, वर पीओपीचं छत, छताला झुंबर आणि बाहेर रंगीत दिव्यांचा बोर्ड. त्या बोर्डातच पहाटे शॉर्टसर्किट झालं. कुणाला इजा झाली नाही. वीस वर्षांची सजावट मात्र तासाभरात गेली.

शेठना इथे चार मजली कॉम्प्लेक्स उभं करायचं होतं. जुनं काही आडवं येऊ नये म्हणून परवानगीच्या अर्जाला त्यांनी प्रतिज्ञापत्रच जोडलं होतं. 'सदर जागेत कोणतेही पुरातन बांधकाम नाही.' खाली झोकात सही. परवानगी सोमवारी हातात पडणार होती आणि आज शुक्रवार होता.

बाहेरच्या ओट्यावर घड्याळं दुरुस्त करणारे शमशेरचाचा आत कमान आहे असं वर्षातून एकदा तरी सांगायचेच. "स्वप्न पडलं असंल, चाचा," म्हणत शेठ त्यांना चहा पाजायचे. आज चाचा आत आले. त्यांनी फडकं ओलं केलं, स्टुलावर चढले आणि कमानीच्या खांद्यावरची काजळी पुसून काढली. दगडातलं कमळ दिसायला लागलं.

शेठनी वर पाहिलं. लहानपणी रोज दुकान उघडताना आजोबा त्यांना खांद्यावर घ्यायचे आणि याच कमळाला हात लावायला सांगायचे. प्लायवूड ठोकायच्या दिवशीही हे आठवलं होतं. आठवूनही खिळे त्यांनी स्वतः आणून दिले होते. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात सहादेव मिस्त्री धापा टाकत आला. "शेठ, पंचनाम्याचं सायेब चौकात आल्यात. ताडपत्री हाय माज्याकडं, टाकू का वरनं? कुनाला कायबी दिसायचं न्हाई."

शेठची नजर कमळावरच होती. सहादेव ताडपत्रीची घडी धरून तसाच उभा राहिला.

पंचनामा करणारे गोरक्षसाहेब आले ते कागदात डोकं घालूनच. नाव, पत्ता लिहून झाल्यावर त्यांनी मान वर न करताच विचारलं, "काय काय जळालं?"

"मी केलं होतं ते सगळं."

"आणि शाबूत काय राहिलं?"

शेठ खाकरले.

"जे इथं नाहीच म्हणून मी सहीनिशी लिहून दिलंय, ते."