जाबाचे रांजण

"वाट कशी होती?" जाबानं विचारलं.

"बरी होती," गुंदो म्हणाली.

दारात उभ्या आईला लेक दुसरं काय सांगणार? बामाकोहून दीड दिवस बस, दोनदा टायर फुटला, शेवटचा टप्पा गाढवाच्या गाडीत. पाठीचा अगदी भुगा झाला होता.

"आणि तिकडे?"

"तिकडेही बरंच." अठरा वर्षं फोनवर ती हेच सांगत आली होती.

गुंदोचं पाणी पिऊन होतंय न होतंय तोच जाबानं तिला रंगाच्या झोपडीत नेलं. आत अंधार, चार रांजण आणि निळीचा तोच जुना आंबूस भपका. जाबानं कोपऱ्यातल्या रांजणात पळी बुडवून पुढे केली.

"चाखून सांग, कापड बुडवायला तयार आहे का. बरोबर सांगितलंस तर चारही रांजण तुझे. नाहीतर शेजारच्या फेंदाच्या सुनेला देऊन टाकते. रोज येऊन दारात बसते मेली."

गुंदोला रांजण हवे होते. त्यांच्याच भरवशावर ती शहरातली खोली सोडून आली होती. नीळ तयार झाली की जिभेवर कशी चुरचुरते, हे लहानपणी तिला आईच्याही आधी कळायचं. पण शहरात ती ज्या रंगाऱ्याकडे कामाला होती, तिथे सगळा पुड्यांचा रंग. उकळती पिंपं, कॉस्टिक सोडा, दिवसभर तोंडावर वाफ. चार वर्षं झाली, तिला मीठ कळत नव्हतं की मिरची. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिनं चाखलं. काहीच कळलं नाही. तरी जाणकारासारखे ओठ चाटले, मान डोलावली.

"तयार आहे. सकाळी कापड बुडवू."

जाबानं पळी रांजणात रिकामी केली.

"अगं बये, नुसतं राखेचं पाणी आहे ते. कुत्र्याचंही तोंड वाकडं झालं असतं. नीळ अजून घातलीच नाही मी."

गुंदोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग दे फेंदाच्या सुनेला," ती कशीबशी म्हणाली.

जाबानं तिचा हात हातात घेतला. बोटांवर सोड्यानं भाजल्याचे व्रण होते. अंधारात म्हातारी ते एकेक करून चाचपत राहिली. बराच वेळ. मग तिनं पायानं स्टूल पुढे ओढलं आणि लेकीला त्यावर बसवलं.

"नीळ पहाटे घालू, दोघी मिळून. चाखायला मी आहे अजून," ती म्हणाली. "आता नीट सांग. वाट कशी होती?"

गुंदो 'बरी' म्हणणार होती.

"लांब होती, आई," ती म्हणाली. "फार लांब होती."