रविराजच्या अक्षराचा कित्ता

"ह्या अक्षराचा कित्ता करून पायजे," सहादेव घुले म्हणाले आणि पिशवीतून सात पत्रं काढून त्यांनी निवेदितासमोर ठेवली.

संगमनेरात कॉलेजच्या रस्त्याला निवेदिताचं छपाईचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिकांबरोबर ती शाळांसाठी सुलेखनाचे कागदही करून द्यायची. फिकट रेघा, त्यांत ठिपक्यांची अक्षरं, पोरांनी वरून गिरवायची. पण ते वळण छापील असायचं. एका कुणा माणसाच्या अक्षराचा कित्ता तिच्याकडं आजवर कुणी मागितला नव्हता.

कुणासाठी हवाय, तिनं विचारलं.

"माज्यासाठीच."

माणूस सत्तरीला टेकलेला. बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. रविराज त्यांचा एकुलता एक. बारावीला नापास झाला, तेव्हा एका लग्नात, भर मांडवात त्यांनी त्याच्या कानाखाली वाजवली. पोरगं आल्या पावली निघून गेलं, वापीला कुठल्याशा कंपनीत लागलं. दोन वर्षं घरी काही कळवलं नाही. मग बनुबाईंच्या माहेरी, राजूरला मामाच्या पत्त्यावर पत्र आलं. तिथून पुढं दर दिवाळीला एक. बनुबाई भाऊबीजेहून येताना ते घेऊन यायच्या आणि सहादेव ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायचे.

पंधरा दिवसांपूर्वी स्टँडवर वापीकडचा एक ट्रकवाला भेटला. तुमचा रविराज तिकडं मशीनमध्ये सापडून गेला की, तुम्हाला कळवलं नाही का कुणी, म्हणाला. सहादेव तसेच उठून चालू लागले. पुढचं विचारायचं त्यांना भान राहिलं नाही.

"मंडळीला सांगितलं न्हाई," ते म्हणाले. "तिचं काळीज आदीच अधू हाय. दिवाळीला पत्र आलं न्हाई तर ती जगायची न्हाई."

बनुबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. लिहिताना सहादेवांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण वाचता येत होतं. पत्रावरून बोट फिरवत तास तास बसायच्या. अक्षर बदललं तर ओळखतील, ही सहादेवांना धास्ती. आणि त्यांना स्वतःला तर पोराचं अक्षर ह्या पत्रांतूनच ठाऊक झालेलं. तो शाळेत असताना त्याची वही त्यांनी कधी उघडून पाहिली नव्हती. हे सांगताना ते जमिनीकडं बघत होते.

निवेदितानं पत्रं स्कॅन केली. एकेक अक्षर सुटं काढलं. त्या हाताचा 'र' जरा डावीकडं कलायचा, शिरोरेषा टोकाला उतरायची, वेलांट्या बुटक्या. रेघांमधलं अंतरही तिनं त्याच मापानं ठेवलं. सगळ्या पत्रांचं शेवटचं वाक्य एकच होतं. 'आबांना सांग, माझा त्यांच्यावर राग नाही.' त्याला तिनं वेगळं पान दिलं.

सहादेव दर आठवड्याला येऊन गिरवलेली पानं दाखवायचे. जन्मभर खुरपं-फावडं धरलेला हात पेन इतकं दाबायचा की कागद फाटायचा. तिनं अक्षरं मोठी केली, मग हळूहळू लहान केली. ठिपके विरळ केले. शेवटी नुसत्या रेघा ठेवल्या. श्रावण सरला, गणपती बसले आणि गेले. अक्षर बरंचसं जमलं. पण ते वाक्य आलं की पेन अर्ध्यातच उचललं जायचं.

एकदा दुकानातच त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे त्यानं लिहिलं म्हनून मी आजवर जगलो, ताई. आता माज्या हातानं मीच मला माफी कशी लिहू?"

निवेदितानं त्यांना पाणी दिलं.

दसऱ्याला आठवडा राहिला असताना एक बाई दुकानात आल्या. डोक्यावर पदर, चेहरा उन्हानं रापलेला. आपण बनुबाई घुले, आमचे मालक इथं येतात, असं त्यांनी सांगितलं. काका गावच्या शाळेसाठी कागद करून घेतात, ती घाईनं म्हणाली आणि समोरचं पान तिनं पालथं घातलं.

बनुबाईंनी ते ऐकून घेतलं. मग हलक्या आवाजात सांगू लागल्या. मी रानात गेले असं समजून ते गोठ्यात लिहीत बसतात. एक ओळ काही केल्या जमत नाही. लिहितात, फाडतात, आणि म्हशीच्या पाठीला डोकं टेकून रडतात. चार दिवस झाले, धड जेवले नाहीत. तेवढी ओळ त्यांना जमेल अशी करून द्या.

"कुठली ओळ, मावशी?" निवेदितानं अजूनही काही माहीत नसल्यासारखं विचारलं.

बनुबाईंनी पेन मागितलं. कोरा कागद ओढून घेतला आणि न अडखळता, सावकाश लिहिलं, 'आबांना सांग, माझा त्यांच्यावर राग नाही.'

निवेदितानं पालथं घातलेलं पान उलटून त्या कागदाशेजारी ठेवलं. चार महिने ठिपका ठिपका जोडून तिनं जे अक्षर काढलं होतं, ते शाई ओली असताना तिच्यापुढं पडलं होतं.

"हे मोठं करून द्या त्यास्नी," बनुबाई म्हणाल्या. "मी आले हुते, असं मातुर बोलू नका. पोरगं आत्ता गेलं असं वाटतंय त्यांना. माज्या रविराजला जाऊन ह्या दसऱ्याला सात वर्षं हुतील."