सगुणाला बोट लागली

“कोळ्याच्या घरात बोट लागते व्हय कुनाला? बाय, काय पन इचारतेस!” सगुणा हसली आणि पदराने तोंड पुसून प्लॅस्टिकच्या खुर्चीत टेकली. पहाटेपासून ती उभीच होती.

अनुयाने फॉर्मवर ‘नाही’समोर खूण केली. सकाळपासूनचं हे अकरावं ‘नाही’. आगरदांड्याजवळच्या या कोळीवाड्यात, मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये तिचा आज तिसरा दिवस होता. डोळ्यांवर हेडसेट चढवून डोलता समुद्र दाखवला, तर कधी खोल समुद्रावर न गेलेल्या माणसाला काय काय होतं, हा तिच्या पीएचडीचा विषय. आणि तशी माणसं तिला मिळाली ती थेट किनाऱ्यावर. इथल्या बायका मासळी विकतात, सुकवतात, भाव करताना भल्याभल्यांना रडवतात; पण दिघीची फेरीबोट सोडली तर बोटीवर पाय ठेवत नाहीत. मासेमारीला जायचं ते पुरुषांनी.

आणि या बायका काही कबूल करतील तर शपथ! हेडसेट काढावा तर चेहरा पांढराफटक, सगळं घशाशी आलेलं, आणि तोंडाने मात्र ‘कायपन झालं न्हाय’. कोळ्याच्या बायकोला समुद्र बाधला म्हटलं तर आळीभर हसं होणार ना! भेट म्हणून ठेवलेला स्टीलचा डबा उचलायचा आणि चालू पडायचं. अनुया अगदी कंटाळून गेली होती.

“घरात कुणालाच बोट लागत नाही? मुलालासुद्धा?” अनुयाने विचारलं.

“तो लागते म्हनतो. विनेश माजा.” सगुणाचा आवाज चढला. “चोवीस वर्साचा घोडा झाला, पन दर खेपेला तेच रडगानं. आये, पोटात ढवळतं. आये, मी मरतो. नाटकं सगळी! आज पन दारात बसून राह्यला व्हता. पिशवी दिली हातात, म्हनलं, बापाचं नाव घालवू नको. गेला मुकाट काळूरामच्या बोटीवर. आता आठ दिस डोक्याला ताप न्हाय.”

अनुयाने हेडसेट तिच्या डोक्यावर बसवला, मागचा पट्टा आवळला. “मावशी, त्रास झाला की ‘थांब’ म्हणा. लगेच बंद करीन. तसा नियमच आहे.”

“घोड्याला झापडं बांधतात तशी गत केलीस बघ माजी,” सगुणा म्हणाली.

मग बोट हलली. खुर्ची जागच्या जागीच होती, तरी सगुणाने तिचे दांडे दोन्ही हातांनी गच्च धरले. समोरचं पाणी वर चढलं, आभाळ खाली गेलं, पुन्हा पाणी. मिनिटाभरात तिची बडबड बंद झाली. दुसऱ्या मिनिटाला कपाळावर घाम आला.

“थांबवू का?” अनुयाने विचारलं. सगुणाने मानेनेच नको म्हटलं. हट्टी बाई!

चौथ्या मिनिटाला तिने “थांब, थांब गं बाय!” म्हणून टाहो फोडला, आणि अनुयाने हेडसेट काढला न काढला तोच सगुणा शेजारी ठेवलेल्या बादलीत भडाभडा ओकली. सकाळचा चहा, भाकरी, सगळं.

अनुयाने तिच्या पाठीवरून हात फिरवला, चूळ भरायला पाणी दिलं. “झालं, मावशी. बंद केलंय.”

सगुणा डोळे मिटून बसून राहिली. फरशी अजून पायाखालून सरकत होती.

“किती येळ झाला?”

“चार मिनिटं.”

“चारच?”

तिने कमरेच्या बटव्यातून मोबाईल काढला आणि विनेशला लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

“बोट लांब गेली असेल, मावशी. रेंज नसेल.”

“ठावं हाय गं.” मोबाईल तिच्या मांडीवर पडला. “मी त्याला नाय नाय ते बोलले, बाय. मेल्या, मर्द हायस का कोन, असं बोलले. आळीतल्या बायांसमोर. खरं सांगत व्हता माजा पोर, आनि मी त्याला खोटा पाडला.” तिला रडू आलं, आणि ते लपवायचं त्राणही उरलं नव्हतं. “तो तिथं थांब म्हनून बोंबलला, तर बोट कोन थांबवील?”

अनुया शेजारची खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली. पण फॉर्म लगेच भरावा लागे, तोही नियमच.

“एवढं एकच विचारते, मग मी घरी सोडायला येते. मळमळ किती झाली? काही नाही, थोडी, बरीच, की खूप?”

विचारता विचारता तिचं पेन ‘खूप’वर टेकलंही होतं. तीन दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी तिला खरं उत्तर दिलं होतं. सगुणाने तिचा हात धरला.

“थोडी लिव.”

“अहो मावशी, आत्ता माझ्यासमोर तर तुम्ही...”

“थोडीच लिव, बाय. चार मिन्टांना खूप म्हनलंस, तर माज्या पोराच्या आठ दिसांना काय म्हनशील?”