धुराची खोली

धाकट्या जावेची पिशवी मांडीवर घेऊन थोरली सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसली होती आणि मनातल्या मनात धुमसत होती. धाकटी शेजारी पाय लांब करून, पोटावर हात ठेवून आरामात बसलेली. "मला एकटीला भीती वाटते, ताई, चला ना," म्हणत तिनं सकाळी हिला ओढून आणलं होतं. भीती कसली डोंबलाची! मिरवायला सोबत हवी होती, आणि पिशवी धरायला कुणीतरी.

घरात कौतुक नुसतं उतू चाललं होतं. सरकारी नर्स महिन्यातून एकदा घरी यायची, धाकटीचा रक्तदाब बघायची, लोहाच्या गोळ्या द्यायची. पहिल्याच फेरीत तिनं सासऱ्यांना आणि त्यांच्या दोन्ही मुलांना समोर बसवून दम भरला होता, गरोदर बाई असलेल्या घरात सिगारेट चालणार नाही. जाताना 'इथे धूम्रपान करू नये' असा कागद दिला, दारावर लावायला. सासऱ्यांनी तो इमानेइतबारे लावला, धाकटीच्या खोलीच्या दारावर. सरकारचा मान राहिला आणि सिगारेटही राहिली.

मग ओढायची कुठे? अंगणात उभं राहायला सासऱ्यांचे गुडघे तयार नव्हते. स्वयंपाकघरात सासूबाई डोळे वटारून होत्या. उरली थोरलीची खोली. "तिथं काय, मूल ना बाळ," असं म्हणून सासऱ्यांनी आपली खुर्ची आत सरकवली. रोज जेवण झालं की तिघे बापलेक तिथं धुराडं पेटवून बसत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. उशीला वास, कपड्यांना वास, केसांना वास. हल्ली तिला सकाळी मळमळायचं, तेही त्या वासानंच. पाळी थांबली होती, पण ती वयामुळे असणार. चाळिशी आलीच होती.

दोनदा तिचंही पोट दिसायला लागलं होतं. दोन्ही वेळा सगळं अर्ध्यावर संपलं. तेव्हा कुठली नर्स दारात आली नव्हती. नवरा उशाशी बसून ओढायचा आणि सासूबाई म्हणायच्या, हिच्यातच काहीतरी खोट आहे. आता तोच नवरा भावजयीची चाहूल लागली की सिगारेट पाठीमागे लपवायचा. हे बघून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. धाकटीनं आपलं काही वाकडं केलेलं नाही हे तिला कळत होतं, तरी ती जळत होती. कालच तर तिनं त्या कागदाचा एक कोपरा नखानं उचकटला होता. तेवढ्यात धाकटी खोलीतून बाहेर आली. तिनं लोंबणारा कोपरा पाहिला, हिच्याकडे पाहिलं आणि अंगठ्यानं दाबून तो पुन्हा चिकटवला. तो समजूतदारपणाही थोरलीला टोचला होता. शहाणी मोठी!

"पुढचं कोण?" आतून त्याच नर्सनं हाक मारली.

थोरली पिशवी सावरत उठली. "चला राणीसरकार."

धाकटी जागची हलली नाही. तिनं पिशवी मात्र हिच्या हातातून काढून घेतली.

"माझी तपासणी गेल्या आठवड्यात झाली, ताई. आज तुमचा नंबर लावलाय."

"माझा? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"एका घरात राहतो आपण. तुमची पाळी चुकलेली मला कळत नाही? सकाळी तोंडावर पदर धरून मोरीकडे पळता, ते दिसत नाही? सरळ सांगितलं असतं तर आला असतात का?"

नसती आली. दोनदा हात पोळलेली बाई तिसऱ्यांदा आशेच्या वाटेला जात नाही. पण एव्हाना नर्स दार धरून उभी होती आणि सगळा बाक बघत होता. थोरली आत गेली.

थोड्या वेळानं बाहेर आली. मागोमाग नर्स.

"दिवस गेलेत. आधी दोनदा गेलंय, म्हणून यावेळी डोळ्यांत तेल घालून जपायचं. आणि त्या धुराच्या खोलीत आता झोपायचं नाही, हिनं सांगितलंय मला सगळं. मी येतेच घरी, एकेकाला बघते."

थोरली बाकावर मटकन बसली. आनंदाच्या आधी भीतीच आली. नर्स येईल, ओरडेल, जाईल. नवरा एका दिवसात सिगारेट सोडणार नव्हता, सासरे तर जन्मात नाही. हेही जाणार, तिला वाटलं, आधीच्या दोघांसारखंच. तिला रडू फुटलं.

"मग मी झोपू कुठे?" ती धाकटीवर खेकसली. "सगळ्या घरात धड खोली एकच, आणि तिथं तू!"

"म्हणून तर आजपासून आमच्या ह्यांची रवानगी तुमच्या खोलीत. पुरुष झोपू देत एकमेकांच्या धुरात," धाकटी तिचे डोळे पुसत म्हणाली. "माझ्या खोलीत तुमचा पलंग बसतो, ताई. मी मोजून बघितलंय. दोन पाळणेही बसतात."